सहा वर्षांची दाढ आणि आपली शाळा

प्रिय पालक, मा. विश्वस्त मंडळ आणि विद्यार्थी मित्रांनो,



या अंकात निकालाविषयी किंवा स्नेहसंमेलनाविषयी चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. ते विषय इतर पानांवर आलेच आहेत, म्हणून मी आज दातांविषयी लिहिणार आहे. मुख्याध्यापिकेने दातांवर कशाला लिहावे, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगते.

सहामाही परीक्षेत गणिताच्या पेपराच्या दिवशी पाचवीतला एक मुलगा गालाला रुमाल लावून बसला होता. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. निम्मा पेपर कोरा ठेवून त्याने पर्यवेक्षक बाईंना सांगितले, "दाढ दुखते आहे." आम्ही वडिलांना फोन करून बोलावले. ते म्हणाले, "मॅडम, काळजी नका करू. दुधाची दाढ आहे, पडूनच जाणार आहे." दोन दिवसांनी तेच गृहस्थ माझ्या खोलीत आले ते चेहरा उतरवूनच. दाढ दुधाची नव्हती, कायमची होती. कीड मुळापर्यंत गेल्यामुळे ती काढावी लागली. आता त्या जागी दुसरी दाढ कधीही येणार नाही. जाताना ते एवढेच म्हणाले, "मॅडम, मुलगा रोज ब्रश करतो. ही दाढ कायमची असते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही."

"कोणी सांगितलेच नाही" हे शब्द मला लागले. मुलाला सांगण्याचे काम शाळेचे असते, आणि आम्ही सांगितले नव्हते. मला तर ते सांगता यायला हवे होते. १९८३ साली देवासला मी आठवीत असताना माझी खालची डावी दाढ अशीच काढली गेली. माझ्या आईलाही ती दुधाचीच वाटली होती. तेव्हापासून माझ्या त्या बाजूचा घास उजवीकडे जातो. रिकाम्या जागेकडे मागची दाढ कलली, वरची दाढ खाली उतरली, आणि चाळीस वर्षांनंतरही दंतवैद्यांकडे माझ्या फेऱ्या चालूच आहेत.

कोणाच्याही लक्षात न येणारी दाढ

आपल्याकडे दुधाचा दात पडला की घरात केवढे कौतुक होते! आजी तो कौलावर टाकायला सांगते, बाबा फोटो काढतात, मूल फट दाखवत शाळाभर हिंडते. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास तोंडात चार पाहुणे येतात, त्यांची दखल कोणी घेत नाही. वर दोन आणि खाली दोन. या कायमच्या दाढा कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाहीत. सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, हिरडी फोडून त्या हळूच वर येतात. काही पडत नाही म्हणून काही नवीन आले हे कळत नाही, आणि मागची दाढ ती दुधाचीच असे घरचे लोक धरून चालतात.

ही दाढ ओळखायची एक सोपी युक्ती आहे. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत जा. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा, असे पाच झाले. त्यांच्या मागे सहावा दात असेल तर ती कायमची दाढ. सहाव्या वर्षी येणारा सहावा दात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्यानंतर बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे सातवा दात येतो, तीही कायमचीच. म्हणजे पहिली-दुसरीत चार आणि सातवी-आठवीत चार, अशा आठ दाढा आपल्या मुलांना शाळेच्या वयातच मिळतात, आणि त्या सत्तरीपर्यंत पुरवायच्या असतात.

आता या दाढेचा माथा पाहा. पुढचे दात सपाट, गुळगुळीत असतात. दाढेच्या माथ्यावर मात्र डोंगर-दऱ्यांसारखे उंचवटे आणि त्यांमध्ये खाचा असतात. काही खाचा इतक्या अरुंद असतात की टूथब्रशचा एक केसही आत शिरत नाही. त्यांत बिस्किटाचा, चॉकलेटचा, पोह्यांवरच्या शेवेचा पिठूळ अंश चिकटून बसतो. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. त्यातून नुकत्याच उगवलेल्या दाढेचे इनॅमल पुरते पक्के झालेले नसते. ती पूर्ण वर यायला काही महिने लागतात, आणि तोवर तिचा माथा शेजारच्या दातांपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश वरूनच निघून जातो. मूल मन लावून ब्रश करत असले तरी दाढ किडू शकते ती यामुळे. त्या वडिलांचे म्हणणे खरे होते. मुलगा ब्रश करत होता, पण खाचेपर्यंत ब्रश पोहोचत नव्हता.

खाच बुजवण्याची साधी कल्पना

खाच साफ करता येत नसेल तर ती कीड लागण्याआधीच बुजवून टाकावी, हा सीलंटमागचा सगळा विचार आहे. सीलंट म्हणजे दाढेच्या खाचांमध्ये भरायचा एक पातळ लेप. तो घट्ट झाला की माथा जवळजवळ गुळगुळीत होतो. अन्न अडकत नाही, आणि ब्रश आपले काम करू शकतो.

याची गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. लेप लावला तरी तो ओल्या, गुळगुळीत दातावर टिकत नसे. अमेरिकेतील रोचेस्टर येथील दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांना माहीत होते की कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल वापरतात. आपल्याकडे पेंटर दाराला रंग देण्याआधी काचपेपर घासतो, तसेच हे. त्यांनी दाताच्या इनॅमलवर तो प्रयोग केला. आम्लाने पृष्ठभाग अगदी सूक्ष्म प्रमाणात खरखरीत झाला आणि लेप धरून राहिला. हे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६७ साली क्युएटो आणि बुओनोकोर यांनी मुलांच्या दाढांच्या खाचा लेपाने बुजवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. म्हणजे ही काही कालपरवाची फॅशन नाही. माझ्या जन्माच्याही आधीची ही विद्या आहे, पण माझ्या दाढेपर्यंत ती पोहोचली नाही.

लेप लावायला इंजेक्शन लागत नाही, ड्रिलची घरघर नाही. दाढ स्वच्छ करतात, कापसाने कोरडी ठेवतात, अर्धा मिनिट किंवा त्याहून कमी वेळ आम्लाचे जेल लावून धुतात, पुन्हा कोरडी करतात. मग ब्रशने किंवा बारीक नळीने लेप सोडून त्यावर काही सेकंद निळा प्रकाश धरला की तो कडक होतो. शेवटी मुलाला दात मिटायला सांगून घास नीट बसतो का ते पाहतात. दुखत काहीच नाही. मुलाने काही मिनिटे तोंड उघडे ठेवून शांत बसायचे, कठीण भाग तेवढाच आहे.

दाढ अर्धवट उगवलेली असेल आणि कोरडी ठेवणे जमत नसेल, तर ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट खाचांत भरतात. ते ओलावा थोडाफार सहन करते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते. टिकते मात्र लेपापेक्षा कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. म्हणजे ही श्रीमंतांच्या दवाखान्यातली चैन नव्हे.

उपयोग किती होतो? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार मागच्या दाढांवर लावलेले सीलंट पहिली दोन वर्षे सुमारे ८० टक्के कीड टाळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के संरक्षण देत राहते. आपल्या देशात २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यांतले काहीजण आज पालक म्हणून आपल्या शाळेच्या फाटकाशी उभे असतील.

पालकांच्या शंका

हा विषय मी गेल्या पालक सभेत काढला तेव्हा अनेक प्रश्न आले. त्यांतले चार महत्त्वाचे.

पहिला, "आतमध्ये कीड बंद होऊन वाढणार नाही का?" लेप लावण्याआधी दंतवैद्य दाढ तपासतात. खड्डा पडला असेल तर लेप लावत नाहीत, दाढ भरतात. अगदी सुरुवातीची, खड्डा न पडलेली कीड असेल आणि वरून लेप पक्का बसला असेल, तर जिवाणूंना बाहेरून अन्न मिळत नाही आणि कीड पुढे सरकत नाही, असेच अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र लेप अर्धवट निघाला आणि तसाच राहिला तर धोका असतो. म्हणून वर्षातून निदान एकदा तपासणी हवीच. जे लोक "एकदा लावले की झाले" असे सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा, "तोंडात प्लॅस्टिक चांगले का?" काही लेपांतून बिस्फेनॉल नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सुटू शकते, तेही मुख्यतः लावल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. लेप लावून झाल्यावर वरचा थर पुसून चूळ भरायला लावली की ते आणखी कमी होते. ज्यांना तरीही नको वाटेल त्यांना ग्लास आयोनोमरचा पर्याय आहे. शंका विचारणे हा पालकांचा हक्क आहे आणि दंतवैद्यांनी तिचे उत्तर द्यावे.

तिसरा प्रश्न एका आजींचा होता. "बाई, आम्ही कडुनिंबाच्या काडीने दात घासले, आमचे दात अजून शाबूत आहेत." आजी, तुमच्या दातांना नमस्कार. पण तुमच्या लहानपणी पाच रुपयांचे बिस्किटाचे पुडे शाळेच्या फाटकाशी लटकत नव्हते. गोड सणासुदीला मिळे, आता ते मधल्या सुट्टीत रोज मिळते. काळाबरोबर शत्रू बदलला तर ढालही बदलावी लागते.

चौथा, "फ्लोराइडची पेस्ट वापरतो, मग हे कशाला?" पेस्ट हवीच. फ्लोराइड मुख्यतः दाताच्या सपाट बाजूंना बळ देते, खाचांचे रक्षण लेप करतो. दोघांची कामे वेगळी आहेत. आपल्या माळव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि त्यामुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात. आपल्या वसतिगृहात त्या भागांतील मुले आहेत. त्यांना फ्लोराइडच्या गोळ्या किंवा द्रव देण्याचा विचार दंतवैद्यांना विचारल्याशिवाय कोणी करू नये. त्यांच्या दाढांनाही लेप चालेल का, हे दाढ पाहून दंतवैद्यच ठरवतील.

शाळेने हे का करावे?

आता मुख्य मुद्दा. आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला प्रेमाने सुनावले, "बाई, शाळा ही शाळा आहे, दवाखाना नव्हे." त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण याबाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते मी या पानावर उघडपणे मांडते.

ज्याला दुखत नाही तो मुलगा दवाखान्यात जात नाही. दुखू लागते तेव्हा लेपाची वेळ निघून गेलेली असते. सहा-सात वर्षांची सगळी मुले, न दुखणारी सुद्धा, एकाच ठिकाणी, एकाच वेळी, रोज हजर असतात अशी जागा एकच आहे. ती म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग. लसीकरण शाळेत होते, डोळ्यांची तपासणी शाळेत होते, ते याच कारणाने. केंद्र सरकारच्या २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे, पण तो कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. आपली शाळा समाजाच्या ट्रस्टची, विनाअनुदानित. तिथे कोणी येणार नाही, आपल्यालाच बोलावावे लागेल.

इथे मला आमचा स्वतःचा दोषही कबूल केला पाहिजे. दंततपासणी शिबिर आपल्याकडे अनेक वर्षे होत आले आहे. डॉक्टर येतात, टॉर्चने तोंड पाहतात, मुलांना छोटी पेस्ट मिळते, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, फोटो निघतो आणि तो याच पत्रिकेत छापून येतो. मुलाच्या हातात "कीड आहे" अशी एक चिठ्ठी पडते. ती दप्तराच्या तळाशी जाते, आणि पुढच्या वर्षी नवीन चिठ्ठी मिळते. मी स्वतः असली शिबिरे घडवून आणली आहेत आणि त्यांचे अहवाल लिहिले आहेत. पाचवीतल्या त्या मुलाच्या जुन्या कागदांत मला दुसरीतली अशीच एक चिठ्ठी सापडली. "दाढेत खोल खाचा, दंतवैद्यांना दाखवा," असे त्यावर लिहिले होते. चिठ्ठी बरोबर होती. ती घरी पोहोचली का, हे आम्ही विचारले नव्हते. नुसते तपासून सोडून देणे म्हणजे पेपर तपासून गुण न सांगण्यासारखे आहे.

आपण इंदूरकर आहोत. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा आपले शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरले. ते कसे झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रस्त्यावर कचरा पडल्यावर उचलण्यापेक्षा तो पडूच नये म्हणून रोज सकाळी गाडी दारात आली, आणि ओला-सुका वेगळा करायची सवय घरोघरी लागली. पहिल्या वर्षी कुरकुर करणारे लोक आज पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. दातांचेही तसेच आहे. किडल्यावर धावपळ करण्यापेक्षा दारातच गाडी आणावी.

यासाठी पुढील योजना मी विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहे.

एक, दरवर्षी दुसरी आणि सातवी या दोनच वर्गांवर लक्ष द्यावे. दुसरीत सहा वर्षांच्या दाढा आलेल्या असतात, सातवीत बारा वर्षांच्या येत असतात. साऱ्या शाळेचे वरवरचे शिबिर करण्यापेक्षा दोन वर्गांचे काम पूर्ण करावे.

दोन, दंत महाविद्यालयांशी बोलावे. एम. वाय. हॉस्पिटलसमोर सरकारी दंत महाविद्यालय आहे, शहरात खाजगी महाविद्यालयेही आहेत. सामाजिक दंतारोग्य हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यांना मुले हवीत, आपल्याला हात हवेत. लेप लावण्याचे काम अर्थात त्यांच्या अध्यापकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

तीन, पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही मुलाच्या दाताला हात लावला जाणार नाही. संमतिपत्र मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत असेल.

चार, प्रत्येक मुलाचे दंतपत्रक शाळेत राहील, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलाचा लेप शाबूत आहे का हे पाहिले जाईल. निघाला असेल तर पुन्हा लावला जाईल. ही चौथी गोष्ट होणार नसेल तर पहिल्या तिन्हींना अर्थ नाही.

पैशांचे काय? एका दाढेला लेप लावण्याचा खर्च त्याच दाढेच्या रूट कॅनाल आणि कॅपच्या मानाने फारच थोडा असतो. तरीही तो खर्च आहे, आणि आपल्या ट्रस्टची तिजोरी मला ठाऊक आहे. माझी नम्र सूचना अशी की एका वर्षी स्नेहसंमेलनातील स्मृतिचिन्हे, शाली आणि व्यासपीठाची सजावट कमी करावी. मान्यवर रागावणार नाहीत. रागावलेच तर त्यांना मी माझी रिकामी जागा तोंड उघडून दाखवीन.

पालकांना विनंती एकच. आज रात्री जेवणानंतर मुलाला उजेडात बसवा आणि सहावा दात मोजा. तो आला असेल तर त्याच्या माथ्याकडे नीट पाहा. काळी रेघ दिसली तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. काही दिसले नाही तरी एकदा दंतवैद्यांना विचारून घ्या की याला लेप हवा का. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मुलाच्या हातून झाल्यावर एकदा तुमच्या हातूनही फिरवा.

विद्यार्थी मित्रांनो, लेप लावला म्हणून मधल्या सुट्टीत चॉकलेट खायचा परवाना मिळाला असे समजू नका. लेप दाढेच्या फक्त माथ्याचे रक्षण करतो, दोन दातांमधल्या फटीचे करत नाही. तिथे तुमचा ब्रश आणि तुमची जीभ आवरणे हेच उपाय.

मी हिंदी माध्यमातून शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत तुम्हाला काही खाचा सापडतील. त्या आमच्या मराठीच्या बाई भरून काढतील. मुलांच्या दाढांतल्या खाचा मात्र आपल्या सर्वांनाच भराव्या लागतील. पाचवीतल्या त्या मुलाला उरलेल्या तीन दाढा आहेत. त्या आम्ही या महिन्यात दाखवून घेतल्या. त्याच्या धाकट्या बहिणीचा आता दुसरीत प्रवेश झाला आहे. विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे निर्णय घेताना त्या मुलीच्या चारही दाढा अजून शाबूत आहेत, एवढेच ध्यानात ठेवावे.

आपली,
मुख्याध्यापिका